जाई कळ्या धरते, पण उमलत नाही: परसातली दर पावसाळ्याची तक्रार

श्रावण लागला की गोव्यात जाईला भाव येतो. श्रावणातले आयतार, म्हणजे रविवार, पुजायला फुले हवीत, चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली असते, पावसाळ्याच्या याच दिवसांत म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते. आणि नेमकी तेव्हाच घराघरांतून तक्रार ऐकू येते: वेल हिरवीगार, मांडव भरलेला, कळ्याही धरल्या होत्या, पण सकाळी अंगणात बघावे तर कळ्यांचा सडा आणि उमललेले फूल औषधालाही नाही. दुसरी तक्रार तिची सख्खी बहीण. कळीच येत नाही, नुसती पाने. गेल्या वर्षीही असेच झाले होते, त्याच्या आदल्या वर्षीही.

मग शेणपाणी घातले जाते. कोणी सांगितले म्हणून युरियाची मूठ पडते. दुकानातून कसले तरी औषध आणून फवारले जाते आणि तासाभरात आलेली सर ते गटारात नेऊन सोडते. पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. जाईचे बिनसते पौष-माघात किंवा मे महिन्यात, आणि आपल्या लक्षात येते ते श्रावणात, अशी ही गोची आहे. तोवर हातात फारसे काही उरलेले नसते. तरी श्रावणात एक काम जरूर करता येते, ते म्हणजे काय बिघडले आहे ते नेमके ओळखणे. ते एकदा कळले की पुढचे वर्ष वाया जात नाही.

सुरुवातीला वेल जाईचीच आहे ना, तेवढे बघून घ्या. रोपवाटिकेत सगळ्याच पांढऱ्या सुवासिक फुलांना एका माळेत ओवतात. जाईचे पान पिसासारखे असते, एका देठावर सहसा सात-नऊ लहान पाने, आणि कळीच्या पाठीवर गुलाबीसर झाक. जुईला तीनच पाने, त्यातली बाजूची दोन इतकी इवलीशी की असून नसल्यासारखी. मोगऱ्याचे पान एकेकटे आणि गोलसर. रानातून आणून लावलेली कुसर असेल तर तिचेही पान एकेकटेच, आणि ती फुलते उन्हाळ्यात. तिच्याकडून श्रावणात फुलांची अपेक्षा करणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः जाईचे. जुईलाही बरेचसे लागू पडते, फक्त छाटणीची वेळ वेगळी.

गळलेली कळी उघडून बघा

सकाळी वेलीखालच्या दहा-पंधरा कळ्या वेचा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात बसा. एक शिवणाची सुई घ्या. चष्मा लागत असेल तर तो लावा, कारण जे शोधायचे आहे ते फार बारीक आहे.

कळी नेहमीपेक्षा आखूड, बुडाशी फुगलेली आणि जांभळट पडलेली दिसली तर सुईने ती उभी चिरा. आत तांदळाच्या कणीहून बारीक, पांढुरक्या किंवा पिवळसर अळ्या वळवळताना दिसतील. पूर्ण वाढलेली अळी कागदावर पडली की अंग आकसून टुणकन उडी मारते, ती पाहिली की शंका उरत नाही. ही मिज माशीची अळी. माशी स्वतः डासाहूनही लहान, ती सहसा नजरेला पडतच नाही. ती कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या आतून कळी खातात, कळी गळते, आणि वाढलेल्या अळ्या कळीतून निघून वेलीखालच्या मातीत शिरून कोष करतात. तीन-चार आठवड्यांत नवी पिढी वर येते. म्हणजे श्रावणात गळलेल्या कळ्या तुम्ही तशाच पडू दिल्या तर चवथीपर्यंत त्यांची पोरेबाळे मांडवावर हजर.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. जाईच्या निरोगी कळीवरही गुलाबी झाक असतेच, त्यामुळे रंग बघून घाबरायचे नाही आणि रंग बघून निर्धास्तही व्हायचे नाही. निरोगी कळी लांबसडक, टोकदार असते आणि गुलाबी रंग तिच्या बाहेरच्या पाकळीच्या पाठीवर पट्ट्यासारखा असतो. माशी लागलेली कळी ठेंगणी आणि बुडाकडे जाड दिसते, तिचा रंग मळकट जांभळा असतो. दोन्ही कळ्या शेजारी शेजारी ठेवल्या की एकदाच काय ते लक्षात येते.

कळीला बाहेरून गोल भोक असेल, दोन-चार कळ्या जाळ्याने एकमेकींना चिकटल्या असतील आणि आत काळी विष्ठा असेल तर ती कळी पोखरणारी अळी. ही हिरवट, काळ्या डोक्याची, डोळ्यांना सहज दिसणारी. हिचा बंदोबस्त त्या मानाने सोपा. संध्याकाळी दिवा घेऊन बसलात तर चिकटलेले घोस हाताने काढूनच निम्मे काम होते.

कळीवर आणि कोवळ्या पानांवर पांढरी लव उगवल्यासारखी दिसत असेल, पाने सुरकुतत असतील, तर तो सूक्ष्म कोळ्याचा प्रकार. लव म्हणजे बुरशी समजून लोक बुरशीनाशक मारतात आणि काहीच फरक पडत नाही. ते शेंडे कापून जाळायचे आणि उघडीप बघून पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने फवारायचे. कडक उन्हात गंधक मारू नका, पाने करपतात. जुई लावायची असेल आणि या कोळ्याचा त्रास तुमच्या भागात असेल तर परिमुल्लई नावाची तामिळनाडू कृषी विद्यापीठाची जात मागा. ती या कोळ्याला दाद देत नाही.

कळी आतून स्वच्छ निघाली तर? भोक नाही, अळी नाही, कूज नाही, नुसती पिवळी पडून देठासकट गळलेली. मग कीड सोडून द्या आणि मुळांकडे बघा. त्याकडे पुढे येतोच.

मिज माशी असेल तर

गोव्यात सततच्या पावसात फवारणीचा भरवसा धरता येत नाही. शिवाय अळी कळीच्या आत बसलेली, वरून मारलेले तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यातून ही फुले देवाच्या डोक्यावर आणि बायकांच्या केसांत जाणारी, आणि वेल बहुधा विहिरीच्या काठावर. जाईवर जहाल औषध मारण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे.

उपयोगाचे आहे ते केरसुणीचे काम. कळ्या गळायच्या दिवसांत रोज सकाळी वेलीखालचे झाडून घ्यायचे आणि मिळालेल्या कळ्या, वर लटकलेल्या ठेंगण्या कळ्यांसकट, साबणाच्या पाण्याच्या बालदीत रात्रभर बुडवून ठेवायच्या. खतखड्ड्यात टाकायच्या नाहीत, तिथे त्या सुखाने मोठ्या होतात. ओल्या कळ्या न्हाणीच्या चुलीत घालून जाळल्याचे समाधान मिळते, पण त्या धड जळत नाहीत आणि डोळे मात्र चुरचुरतात. वेलीखाली जाड प्लास्टिक उताराने अंथरले तर अळीला मातीत शिरता येत नाही आणि झाडायलाही सोपे जाते. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर प्लास्टिकखालची ओल बुंधा कुजवेल.

पण घाव घालायचा तो एप्रिल-मेमध्ये. माती कोरडी असताना वेलीखालचा दोन-तीन बोटे थर खुरप्याने उकरून उन्हात तापू द्यायचा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा खालीवर करायचा. मातीतले कोष उघडे पडून मरतात, राहिलेले मुंग्या आणि कोंबड्या बघून घेतात. त्यानंतर त्या मातीत निंबोळी पेंड मिसळायची. पाऊस सुरू झाल्यावर उकरायला जाऊ नका, जाईची बारीक मुळे वरच असतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ही माशी जाईपुरती थांबत नाही. वांगी, टोमॅटो, कारली, जास्वंद, दारातल्या डेंड्रोबियम ऑर्किडच्या कळ्या, सगळीकडे तिचा वावर असतो. परसात कारल्याचा मांडव जाईला खेटून असेल आणि त्याच्या कळ्याही गळत असतील तर दोन्हीकडचे एकदम झाडावे लागेल. नुसती जाई स्वच्छ ठेवून भागणार नाही.

पोखरणाऱ्या अळीसाठी मात्र निंबोळी अर्क कामाला येतो. अर्धा किलो निंबोळ्यांच्या गराची भरड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी फडक्याने गाळून थोडा साबण मिसळायचा. जुलैच्या धो धो पावसात हा उद्योग करू नका. ऑगस्टमध्ये पाऊस दोन-चार दिवस दम खातो, तेव्हा संध्याकाळी मारा. कळ्या अगदी बारीक असतानाच.

कळीच नाही, नुसती पाने

या तक्रारीत तीन कारणे पुन्हा पुन्हा सापडतात आणि बहुतेक वेळा तिन्ही एकाच घरात असतात.

पहिले छाटणीचे. जाईला फूल येते ते त्याच हंगामात फुटलेल्या कोवळ्या फांदीवर. जुन्या लाकडाला फूल नाही. गोव्यातल्या घरांत छाटणी होते मे अखेरीस, पावसाआधीच्या साफसफाईत. कौले परतवायची, माडांच्या झावळ्या उतरवायच्या, तारांना लागलेल्या फांद्या तोडायच्या, त्याच झपाट्यात जाईवरही कोयता फिरतो. त्याआधी चार महिन्यांत जे कोंब वाढले, ज्यांच्यावर श्रावणात कळ्या यायच्या, तेच नेमके कापले जातात. मग जूनमध्ये नवे कोंब फुटतात, पाऊस पिऊन भराभर लांब होतात, आणि फूल येते पाऊस ओसरल्यावर, कधी येतच नाही. वेल हिरवीगार का दिसते त्याचे उत्तर इथेच आहे.

जाईची छाटणी डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत, जुईची जानेवारीच्या शेवटी, मोगऱ्याची त्याआधी नोव्हेंबरच्या अखेरीस. तारांना वेल लागतच असेल तर मेमध्ये तेवढाच शेंडा उतरवा, बाकीच्या वेलीला हात लावू नका. किंवा जानेवारीतच असा कापा की ती तारांपर्यंत जाणार नाही.

दुसरे कारण उन्हाचे. जाईला दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागते. "आमच्या जाईला भरपूर ऊन आहे" असे म्हणणारे बहुधा मे-जूनचे ऊन सांगत असतात, आणि तिथे गोवा आपल्याला फसवतो. आपण साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहोत. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, बाकी वर्षभर दक्षिणेला. त्यामुळे घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला लावलेली जाई मे महिन्यात उन्हात न्हालेली दिसते, पण जानेवारी ते एप्रिल, जेव्हा तिने फुलांचे कोंब तयार करायचे असतात, तेव्हा ती घराच्या सावलीत बसलेली असते. जागा ठरवताना किंवा तपासताना ऊन मोजायचे ते फेब्रुवारीत. सकाळी नऊपासून दर तासाला वेलीकडे एक नजर टाका. फणस आणि आंबा यांची सावली दाट. त्यांच्या खाली जाई जगते, फुलत नाही. माडाची सावली विरळ आणि फिरती, ती चालते.

काही घरांत ऐकायला मिळते, "आमची जाय आधी अशी नव्हती, वरचा मजला चढवला आणि बिघडली." नव्या मजल्याच्या दृष्टीला किंवा वास्तुदोषाला यात काही करावे लागत नाही. मजल्याने दक्षिणेचे ऊन अडवले, आणि बांधकामाचे सिमेंट-चुन्याचे डबर वेलीच्या मुळाशी गाडले गेले. एवढे दोन्ही एकदम झाल्यावर कोणतीही वेल रुसेल.

तिसरे कारण अति लाड. पाऊस पडू लागला की शेणपाणी, गोमूत्र, वर मासळी धुतलेले पाणी. सगळ्यात नत्र. नत्राने पान वाढते. मासळीचे पाणी माडाला, केळीला घाला, त्यांना ते मानवते. जाईला जून-जुलैत नत्राचा मारा केला की ती पानांतच रमते आणि कोवळ्या रसरशीत शेंड्यांवर किडी तुटून पडतात. सुंगटे, म्हणजे कोळंबी, धुतलेले पाणी ओतून वर मांजरांनी बुंधा उकरला ही निराळीच भानगड. जाईला खत द्यायचे ते छाटणीनंतर, आणि दुसरा हलका हप्ता जून-जुलैत, त्यात स्फुरद आणि पालाश हवेच. चुलीतली राख मूठ-दोन मूठ घातली तर पालाश मिळते, पण भिंतीलगतच्या मातीत राख नको. का ते पुढे.

मुळाशी काय चालले आहे

स्वच्छ कळ्या गळणाऱ्या वेलीकडे आता येऊ. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. वरची माती थोडी, खाली जांभा. त्यात दीड-दोन हात खड्डा मारून शेणखत-मातीने भरला की आपल्याला वाटते छान सोय झाली. पण जांभ्याचा थर घट्ट असेल तर तो खड्डा चिऱ्यात कोरलेल्या डोणीसारखा होतो. पाऊसभर मुळे पाण्यात. वेल मरत नाही, पण कळ्या धरून ठेवायचे बळ तिच्यात राहत नाही.

तपासायचे असेल तर पावसाच्या उघडिपीत बुंध्यापासून दोन-अडीच हातांवर एक हातभर खड्डा काढा आणि बालदीभर पाणी ओता. दोन-तीन तासांनंतरही पाणी उभे असेल तर निचरा नाही. त्या मोसमात करता येते ते एवढेच की उताराच्या बाजूने एक चर काढून पाणी बाहेर घालवायचे. कायमचा उपाय म्हणजे फूटभर उंच वरंब्यावर नवी लागण.

पागोळ्या हा कौलारू घराचा खास त्रास. जाई पडवीच्या खांबावर चढवायची म्हणून अगदी वळचणीखाली लावतात. मग चार महिने कौलांवरचे पाणी धारेने तिच्या बुडावर. माती वाहून जाते, मुळे उघडी पडतात, चिखल पानांवर उडतो आणि पानांवर तपकिरी ठिपके पडून ती गळतात. पन्हळ बसवणे हा सरळ उपाय. तो जमत नसेल तर बुंध्याभोवती चिऱ्याचे तुकडे रचा म्हणजे धार थेट मातीवर पडणार नाही, आणि खालची दीड-दोन वीत पाने काढून टाका.

बुंध्याला जमिनीलगत पांढऱ्या सुतासारखी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी गोळे दिसले तर मामला गंभीर आहे. ही बुडकूज. मोहरीसारखे दाणे म्हणजे तिचे बेणे, ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. दाण्यांसकट वरची माती खरवडून पिशवीत भरून बाहेर काढा, अंगणात उधळू नका. बुंध्याला लागून ठेवलेला पालापाचोळा, नारळाची सोडणे बाजूला करा. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून दरवर्षी पावसाआधी देत राहिले तर ही कूज आवाक्यात राहते. वेल पूर्ण सुकली असेल तर त्याच खड्ड्यात लगेच दुसरी जाई लावू नका.

आता पानांच्या पिवळेपणाविषयी, कारण त्यावरून लोक हटकून चुकीचे खत घालतात. खालची जुनी पाने सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी किंवा मुळांत पाणी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. गंमत अशी की आपल्या तांबड्या मातीत लोह भरलेले आहे. जांभ्याची माती आम्ल असते, तिच्यात वेलीला लोह सहसा कमी पडत नाही. पण भिंतीलगतच्या दोन हातांत जुना चुना, सिमेंटचे तुकडे, गिलाव्याचा भुगा पडलेला असतो, तिथे माती उलट्या बाजूला जाते आणि असलेले लोह वेलीला घेता येत नाही. एकाच परसात भिंतीकडे एक माती आणि विहिरीकडे दुसरी, असे हे प्रकरण असते. म्हणून भिंतीकडच्या वेलीला राख आणि चुना नको. तात्पुरता उपाय हिराकसाचा, म्हणजे फेरस सल्फेटचा, लिटर पाण्यात पाच ग्रॅम, पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. कपड्यांवर आणि फरशीवर उडाले तर गंजाचे डाग पडतात, सांभाळून. डबर उकरून काढून तिथे कुळागरातली, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतली, किंवा डोंगराकडची माती भरणे हे कष्टाचे, पण तेच टिकाऊ.

उलट विहिरीकडच्या मोकळ्या जागेत माती फारच आम्ल असू शकते, तिथे चुन्याची गरज पडते. किती, ते माती तपासल्याशिवाय ठरवू नका. विभागीय कृषी कार्यालयात चौकशी केली की तपासणीची वाट सांगतात. उत्तर गोव्यातल्यांना जुने गोवे इथले कृषी विज्ञान केंद्रही आहे, आणि किडलेल्या कळ्या ओल्या कागदात गुंडाळून तिथे नेल्या तर तोंडी वर्णनापेक्षा लवकर उलगडा होतो.

खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतजमिनींच्या, जवळ राहणाऱ्यांना एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी मचूळ लागते. ते पाणी घातलेल्या जाईच्या पानांच्या कडा करपतात. पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांत मीठ धुऊन जाते, तेव्हा जूनमध्ये करपलेली पाने बघून औषध शोधायला धावू नका.

जानेवारीचे काम

छाटणीआधी आठवडाभर पाणी तोडा. शेतात जाई झुडपासारखी गुडघ्याएवढी, दीड फुटावर कापतात. मांडवावरच्या वेलीला तसे करायची गरज नाही. मुख्य दोन-चार दांडे राखायचे, त्यांना मांडवावर आडवे पसरवून बांधायचे आणि त्यांच्यावरच्या सगळ्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे ठेवून कापायच्या. वाळलेले, एकमेकांत गुंतलेले, पेन्सिलीहून बारीक असलेले सगळे बाहेर. आडवे बांधणे महत्त्वाचे. उभी सोडलेली वेल सारा जीव शेंड्याला लावते आणि फुले येतात ती कौलांवर, जिथे ती फक्त कावळ्यांना मिळतात. आडव्या दांड्याच्या प्रत्येक डोळ्यातून कोंब निघतो आणि कळ्या हाताच्या उंचीवर येतात.

पहिल्यांदा अशी छाटणी केलेली वेल पाहून घरातली म्हातारी माणसे हळहळतात. हळहळू द्या. फेब्रुवारी संपायच्या आत वेल पुन्हा हिरवी होते.

कात्री धारदार असावी, कोयत्याने फांदी चिरफाळते. कापलेल्या जाड टोकांना बोर्डो मलम लावा. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, मग दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र. पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो मारणाऱ्या कुळागरवाल्याला हे सांगायची गरज नाही. इतरांनी एवढे करावे की तयार मिश्रणात लोखंडी सुरीचे पाते मिनिटभर बुडवून बघावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, चुना थोडा वाढवावा. तसेच लावले तर कोंब जळतात.

मग बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल चर काढून एका जुन्या वेलीला दहा किलोपर्यंत कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि थोडे मिश्र खत, मातीने झाका आणि पाणी सुरू करा. कोंब फुटल्यापासून पावसापर्यंत पाण्यात खंड नको. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर शिंपडून उपयोग नाही, त्याने फक्त वरची माती भिजते. मेमध्ये बुंध्यापासून थोडे दूर पालापाचोळ्याचे आच्छादन करा. जिथे मिज माशी आहे तिथे मात्र आच्छादनाआधी ते माती तापवायचे काम उरकून घ्या.

इतके करूनही जागाच चुकीची असेल, म्हणजे उत्तरेची भिंत, फणसाची सावली किंवा वळचण, तर वेलीशी झगडत बसू नका. जुनी वेल मुळासकट हलवायलाही जाऊ नका, ती बहुधा दगावते. याच पावसाळ्यात तिची जमिनीलगतची एक लांब फांदी वाकवा, मधल्या एका पेरावर खालून साल किंचित खरवडा, ते पेर चार बोटे मातीत दाबून वर चिऱ्याचा तुकडा ठेवा, शेंडा उघडा ठेवा. दोन-तीन महिन्यांत मुळे धरतात. ऑक्टोबरात ती फांदी मायवेलीकडून तोडा, महिनाभर कुंडीत सावरू द्या आणि मग फेब्रुवारीतही ऊन मिळेल अशा जागी वरंब्यावर लावा. दोन लावणार असाल तर मध्ये पाच फूट अंतर सोडा. दाब कलमासाठी फांदी निवडताना ठेंगण्या कळ्यांची किंवा पांढऱ्या लवीची नको, आणि मायवेलीची माती सोबत नेऊ नका, मुळे पाण्यात हलकेच खळबळून घ्या. नाहीतर मातीतल्या कोषांची नव्या जागी आपणच सोय करून देऊ.